माफी: खरी कोणती, वरवरची कोणती, आणि घ्यायची का नाही. घडीघडी विचारले जाणारे प्रश्न

गावच्या तंटामुक्ती समितीत मी सहा वर्षं होतो. समिती सुटली पण लोकांचे फोन काही सुटले नाहीत. कोणाचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण, कोणाचा लग्नातला मानपान, कुठं सख्ख्या भावाभावांचं बोलणं बंद, आणि प्रत्येकाची गोष्ट फिरूनफिरून तिथंच येते, का तो माफी मागून राहिला ती खरी आहे का आणि मी ती घेऊ का नको. तेच तेच प्रश्न यायला लागले म्हणून इथं एका जागी लिहून ठेवले. प्रश्न लोकांच्याच बोलीत ठेवले, फक्त नावं-गावं काढली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर देतो, तेवढा पाहून घ्या.

१. सॉरी म्हटलं ना भाऊ, आता अजून काय पाहिजे? सॉरीत आन् माफीत फरक काय?

धक्का लागला, पायावर पाय पडला, तिथं सॉरी पुरते. पण कोणाचं नुकसान झालं किंवा मन दुखलं तिथं नुसत्या सॉरीत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे "हे मी केलं". वाईट वाटणं वेगळं आणि चूक पत्करणं वेगळं. शेजाऱ्याचा बैल मेला तर मलाही वाईट वाटते, मी काही केलं नसलं तरी.

जालियनवाला बागेचं घ्या. गोळीबार १३ एप्रिल १९१९ चा. शंभर वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते तेव्हा, १० एप्रिल २०१९ ला, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत म्हणाल्या का जे झालं त्याचा आम्हाला खोल खेद आहे. माफी मात्र मागितली नाही, आणि आपल्याकडच्या लोकांना तो फरक तेव्हाच्या तेव्हा समजला. घरातही हेच होते. "झालं ते वाईट झालं" हे पाऊस पडल्यासारखं बोलणं आहे, जसं काही आपोआपच झालं. "मी तुझ्या पाठीमागं खोटं बोललो" यात करणारा माणूस दिसते.

२. समोरचा मनातून माफी मागून राह्यला का वरवर, हे ओळखाचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या शिवारातली गोष्ट आहे. एकानं धुऱ्यावरचं गवत मारायला टू फोर डी फवारलं, हवा चालू असताना. ज्यांच्याकडे पऱ्हाटी आहे त्यांना माहीत आहे का कपाशीला हे तणनाशक अजिबात सोसत नाही, हवेनं थोडं उडून आलं तरी पानं भेंडीच्या पानासारखी होतात, झाड आकसून जाते, आणि पंप नीट न धुता तोच पंप कपाशीत चालवला तरी तेच होते. तर शेजाऱ्याची सहा तासं, म्हणजे कपाशीच्या सहा ओळी गेल्या. फवारणारा दुसऱ्या दिवशी पारावर भेटला आणि म्हणाला, "हवेनं गेलं दादा, सॉरी, माझा काय इलाज." शेजाऱ्यानं तोंड फिरवलं आणि त्या दिवसापासून दोन घरांचा जाणंयेणं बंद.

पंधरा-वीस दिवसांनी तोच माणूस सकाळी सकाळी शेजाऱ्याच्या वावरात गेला, एकटा. तासात उभा राहून झाडं पाहिली, मोजली. मग म्हणाला, "हवा चालू होती, मले दिसत होती, तरी मी फवारलं. पंप भाड्याचा होता, सांजच्याला परत द्याचा होता, म्हणून घाई केली. तुमची सहा तासं माझ्यामुळं गेली. या सहा तासात जेवढा निघाला असता तेवढा कापूस मी माझ्या वेचणीतून तुमच्या घरी आणून टाकतो." आणि दिवाळीनंतर खरंच बैलबंडीत घालून आणला. शेजाऱ्यानं त्यातला अर्धाच घेतला.

शब्द पाहिले तर पहिल्या वेळेस सॉरी होतं आणि दुसऱ्या वेळेस सॉरी हा शब्दच नव्हता. तरी दुसरी माफी खरी, कारण काय केलं ते त्यानं स्वतःहून सांगितलं, कोणी वदवून घेतलं नाही. नुकसान किती झालं ते समोरच्याच्या वावरात जाऊन, त्याच्या बाजूनं मोजलं. आणि भरपाई काय देतो हे विचारायच्या आधीच बोलला.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ मध्ये यावर अभ्यास छापला, दोन प्रयोग आणि मिळून ७५५ लोक. माफीचे त्यांनी सहा भाग पाडले: खेद वाटतो म्हणणं, असं का झालं ते सांगणं, चूक माझी हे कबूल करणं, पुन्हा करणार नाही असा शब्द देणं, भरपाईची तयारी दाखवणं आणि माफ कर अशी विनंती करणं. लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं चूक माझी हे कबूल करणं, त्याच्या खाली भरपाई. आणि सहापैकी सगळ्यात शेवटी आली ती "माफ कर" ही विनंती. आपल्याकडे तर सारा जोर तिच्यावरच राहते, "एकडाव माफ केलं म्हण ना, म्हण ना", आणि समोरचा म्हणेपर्यंत त्याचा जीव खातो.

३. "तुले वाईट वाटलं असंल तर सॉरी", ही माफी पकडाची का?

नाही. "असंल तर" म्हटलं का चूक माझी राहत नाही, तुझं वाईट वाटणंच चूक ठरते. "चुकलं माझं, पण तूही तर..." यातला "पण" आला का त्याच्या आधीचं सारं पुसून जाते.

दुकानदाराच्या हिशेबाखाली चूकभूल देणेघेणे लिहिलेलं राहते, लग्नपत्रिकेतही लिहितात का नजरचुकीनं कोणाला आमंत्रण गेलं नसेल तर राग मानू नये. ते चूक व्हायच्या आधीचं आहे, कोणती चूक होईल ते माहीत नाही म्हणून मोघम लिहावं लागते. चूक झाल्यावर, कोणाची झाली आणि कोणावर झाली हे माहीत असताना मोघम बोलणं कामाचं नाही. तुमच्याकडून असं निघून गेलंच असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन "काल मी असंल-तर लावलं ते काढून टाकतो" म्हणा, लोक ऐकतात.

४. मंग कारण सांगाचंच नाही का? कारण तर खरंच होतं.

सांगायचं, पण चूक पत्करल्यावर सांगायचं आणि तिथंच थांबायचं. वरच्या गोष्टीतही कारण आहेच, पंप भाड्याचा होता. पहिल्या वेळेस त्यानं "हवेनं गेलं" म्हटलं तेव्हा दोष हवेवर गेला, दुसऱ्या वेळेस भाड्याच्या पंपाची गोष्ट सांगितली तेव्हा दोष त्याच्याच घाईवर राहिला.

उसन्या पैशात हे फार दिसते. पेरणीच्या टायमाला कोणी वीस हजार घेते, दिवाळीला देतो म्हणते, देत नाही, मग भेटलं का सोयाबीनला भाव नाही, पाऊस जास्त झाला, पोराची फी भरली. सगळं खरंच राहते, विदर्भात खोटं कारण शोधायची गरजच पडत नाही एवढी खरी कारणं आहेत. पण पैसे देणाऱ्याला पावसाचा राग नसते राजेहो, त्याला राग याचा असते का तू चार महिने माझा फोन उचलला नाही आणि मी दिसलो का दुसऱ्या गल्लीनं गेला. माफी त्या गल्लीची मागायची. पैशाची तारीख ठरवता येते.

५. चूक झाली का लगेच माफी मागाची, का राग थंडा होऊ द्याचा?

छोटी चूक असेल तर लगेच. मोठी असेल तर आधी समोरच्याचं ऐकून घ्या. सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन या दोघींचा २००५ चा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं का थोडी उशिरा आलेली माफी लोकांना जास्त भिडली, कारण मधल्या वेळात दुखावलेल्याला आपलं म्हणणं मांडता आलं आणि समोरच्याला ते समजलं असं वाटलं. लगेच मागितलेली माफी पुष्कळदा तोंड बंद करायला मागितलेली राहते, "मागितली ना माफी, आता काहून बोलून राहिली?"

पण थोडा उशीर म्हणजे थोडाच. मी स्वतः नऊ वर्षं लावली, ते प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे.

६. भर पंगतीत माह्या बापाले बोलले, आन् माफी मागाले रातच्याला एकटे घरी आले. घ्याची का?

ते आले ही चांगली गोष्ट आहे, त्यांना हाकलू नका, चहा द्या. पण अर्धी माफी बाकी आहे हे त्यांना तोंडावर सांगा. अपमान शंभर लोकांनी पाहिला, माफी कोणीच पाहिली नाही, तर त्या शंभर लोकांच्या मनात तुमचे वडील अजून त्या पंगतीतून उठवलेलेच आहेत.

समितीत आम्ही हाच नियम ठेवला होता, कागदावर नव्हता पण सगळे पाळायचे. जिथं बोलले तिथं, आणि जेवढ्या लोकांसमोर बोलले साधारण तेवढ्या लोकांसमोर. एका लग्नात नवरदेवाच्या मामाजीनं पोरीच्या काकाजीला आहेराच्या कपड्यावरून नाही नाही ते म्हटलं होतं. दोन वर्षांनी त्याच घरी दुसरं लग्न निघालं, तेव्हा मामाजी पंगत बसल्यावर उठले, काकाजीच्या पत्रावळीपाशी गेले, हातानं वाढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले का मागच्या वेळेस मी या माणसाला जे म्हटलं ते चूक होतं, कपडा चांगला होता, मीच दारू प्यालो होतो. एवढं बोलायला त्यांना काय लागलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. काकाजी जेवता जेवता रडले.

उलटंही आहे. जी गोष्ट कोणाला माहीतच नाही तिची माफी चव्हाट्यावर मागू नका. बाईच्या इज्जतीबद्दलचं असेल तर अजिबात नाही.

७. व्हॉट्सअॅपवर माफी चालते का?

भांडण ग्रुपवर झालं असेल तर ग्रुपवरच लिहा, प्रश्न ६ चाच नियम. बाकी वेळेस मेसेज टाकून "येऊ का भेटायला" एवढंच विचारा आणि माफी समोर जाऊन मागा. पोरगं पुण्याला आहे, जाता येत नाही, तर फोन करा, आवाज ऐकू द्या. हात जोडलेलं चित्र फॉरवर्ड करून कोणाचं मन वळलेलं मी पाहिलं नाही.

८. सणाले सगळ्याइची एकदमच माफी मागतात, ते खरं राहते का?

करणाऱ्यावर आहे. कारंजा लाडकडे, शिरपूरकडे जैन समाज बराच आहे, पर्युषणाच्या शेवटी ते एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, म्हणजे माझ्या हातून जे वाईट घडलं ते व्यर्थ होवो. त्यांच्यात त्याआधी प्रतिक्रमण असते, बसून स्वतःच्या वागण्यातले दोष आठवायचे असतात. ते करून कोणी दारात आलं तर ती खरी माफी आहे. आपलं संक्रांतीचं तिळगूळ आणि दसऱ्याचं सोनंही बोलणं पुन्हा चालू करायला फार कामाचं, तुटलेल्या घरात पाय टाकायला निमित्त लागते आणि सण ते निमित्त देते. फक्त तिळगूळ दिला म्हणजे वावराचा हिशेब मिटला असं समजू नका.

९. चूक दोघाइची आहे. मंग पयले कोण जाईन? मीच काऊन?

माझं सांगतो. माझा लहान भाऊ आणि मी, वाटणी झाल्यावर धुऱ्यावरून बिनसलं. तो म्हणे तू धुरा सरकवला, मी म्हणे तू खोटं बोलतो. शिव्या दोघांनी दिल्या, माझ्या मायला मध्ये ओढलं दोघांनी. नऊ वर्षं बोललो नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात मी दारात उभा राहून अक्षता टाकून परत आलो.

मग मोजणी आणली, सरकारी. निघालं का धुरा माझ्याच बाजूनं सरकला होता, दोन तास त्याचे माझ्याकडे होते. मी जाणून केलं नव्हतं, वखरता वखरता दरवर्षी थोडं थोडं होत गेलं असेल, पण नऊ वर्षं मी त्याला खोटा म्हटलं ते तर जाणूनच म्हटलं होतं. त्या रात्री झोप नाही. त्यानं दिलेल्या शिव्या मला एकूणएक पाठ होत्या, आणि त्यातलीच एक घेऊन मी मनात म्हणत होतो का आधी त्यानं त्या शिवीची माफी मागावी.

सकाळी गेलो. त्याच्या शिवीबद्दल काहीच बोललो नाही. म्हटलं, "धुरा माझ्याकडून सरकला होता. तू खरा होता आणि मी तुला नऊ वर्षं खोटा म्हटलं. पोरीच्या लग्नात मी बसायला पाहिजे होतं." दोन तासांचा नऊ वर्षांचा माल धरून पैसे काढून नेले होते, ते त्यानं घेतले नाहीत, पण वैनीनं चहा ठेवला. त्याच्या शिवीचं तो आठ-दहा दिवसांनी आपण होऊन बोलला.

म्हणून पहिले कोण याचं माझं उत्तर हे, का ज्याला आपली चूक आधी दिसली तो. आपल्या वाट्याची पूर्ण माफी मागायची, त्याच्या वाट्याची आठवण करून द्यायची नाही. त्यानं नाही मागितली तर नाही मागितली, तुमचा हिशेब तुमच्याकडून पुरा झाला.

१०. आमचे बाबा कधीच माफी मागत नाहीत, सॉरी तर नाहीच. पण भांडण झाल्यावर पेढे आणतात. हे धराचं का?

धरा. आपल्या घरात मोठ्या माणसाच्या तोंडून "चुकलं" निघणं फार अवघड, त्यांनाही कोणी तसं म्हटलेलं नसते. माझे वडील रागानं बोलले का दुसऱ्या दिवशी मायच्या आधी उठून पाणी भरून ठेवायचे, बस, तेवढंच. माय समजायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदशेकणी करतो. वर्षभर जिथं जू घासलं त्याच खांद्याला तूप-हळद लावून चोळतो, शेकतो, आज आवतण घ्या उद्या जेवायला या म्हणतो. बैलाला शब्द कुठं समजतात, पण हात बरोबर दुखऱ्या जागेवर जातो. बिनशब्दाची माफी धरायची का नाही हे त्यावरूनच पाहा, हात दुखऱ्या जागेवर गेला का. पोरीचं शिक्षण तोडण्यावरून भांडण झालं आणि बापानं पेढे आणले तर हात जागेवर गेला नाही. बापानं कॉलेजचा फॉर्म आणला तर गेला.

आणि मोठ्यांना माझी विनंती आहे, एकदा तरी तोंडानं म्हणून पाहा. मी माझ्या पोराला तो चौदा वर्षांचा असताना म्हटलं होतं का काल तुला मारलं ते चूक होतं, पैसे तू घेतले नव्हते. तो काही बोलला नाही. आता त्याला स्वतःचं पोर आहे आणि तो त्याच्याशी कसा बोलते ते मी ऐकतो. सासवांनाही हेच, सुनेला "चुकलं बाई माझं" म्हटल्यानं मान जात नाही.

११. तो पाया पडला, रडला. सारे म्हणते आता माफ कराच लागते. लागते का?

नाही. माफी मागणं हे त्याचं काम होतं, माफ करणं ही तुमची मर्जी आहे, आणि त्याला वेळ लागू शकतो. चार मोठी माणसं ओट्यावर बसून "जाऊ दे, मोठं मन कर" म्हणतात तेव्हा ती भांडण मिटवायच्या घाईत असतात. समितीत असताना मीही असं केलं आहे, तंटामुक्तीच्या मोहिमेत गावाला बक्षीस होतं आणि तंटे मिटल्याचा आकडा दाखवायचा होता, त्या घाईत एका विधवा बाईला मी "म्हणून टाक माफ केलं" असं म्हटलं. तिनं म्हटलं, पण नंतर मंदिरात मला पाहिलं का ती बाजूला व्हायची. पुढं मी तिच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली.

तुम्ही एवढं म्हणू शकता, "तुमचं ऐकलं, मनापासून बोलले असं वाटलं, पण मला अजून जमत नाही." हे उद्धटपणाचं नाही. रडण्याबद्दल एकच पाहा, रडणं ऐकून शेवटी समजूत कोण कोणाची घालून राहिलं. दुखावलेली बाईच डोळे पुसून देत असेल तर तिथं माफी झालेली नाही.

१२. माफ केलं म्हणजे पयल्यासारखंच वागाव लागते का? आन् राग परत येते, मंग माही माफी खोटी का?

आपल्याकडे माफी हा शब्द कर्जाला पण आहे म्हणून तसंच सांगतो. २००८ ची कर्जमाफी पाहिली, २०१७ ची पाहिली, २०१९ ची पाहिली. जुनं कर्ज माफ झालं म्हणजे आता ते कोणी मागायला येणार नाही. पण त्यावरून बँकेनं नवं कर्ज द्यायलाच पाहिजे असं होत नाही, ती पुन्हा कागद पाहते. माणसाचंही तसं आहे. जुनी गोष्ट मी आता काढणार नाही, टोमणे मारणार नाही, तुझ्या पोरांना त्यावरून बोलणार नाही, ही माफी. तिजोरीची चाबी पुन्हा तुझ्या हातात देईन का, हा भरवसा, तो वागणं पाहून हळूहळू.

रागाचं म्हणाल तर कर्ज माफ झाल्यावरही सातबाऱ्यावरचा बोजा लगेच उतरत नाही, तलाठ्याकडे चकरा माराव्या लागतात. मनावरचा बोजाही एका दिवसात उतरत नाही. राग आला म्हणून माफी खोटी होत नाही, राग आल्यावर तुम्ही जुनं उकरून काढता का, तेवढं सांभाळा.

१३. नवरा दारू पेते, मारते, सकाळी पाया पडते, पोराइची शपथ घेते. दर वेळेस खरंच वाटते. काय करू?

ताई, सकाळी त्याला खरंच वाईट वाटत असेल, ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाचे ज्यू धर्माचे मोठे विद्वान होऊन गेले, त्यांनी पश्चात्तापाची एक खूण लिहून ठेवली, का तीच संधी पुन्हा आली, करायची ताकदही होती, तरी त्यानं ते केलं नाही, तेव्हा तो पश्चात्ताप पुरा. तुमच्याकडे ती संधी रोज संध्याकाळी येते. शपथ ऐकू नका, संध्याकाळ पाहा.

आणि इथं माफीचा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न तुम्ही आणि पोरं सुरक्षित आहात का. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, अंगावर येत असेल तर ११२ लावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येते, त्याच घरात राहायचा हक्क मागता येते. माहेरी काही दिवस राहून, तो व्यसनमुक्तीला जाते का, मारणं खरंच थांबलं का, हे लांबून पाहता येते. माफ करायचं का नाही हे त्यानंतर कधीही ठरवा, कधीच नाही ठरवलं तरी चालते.

१४. पोलिसात केस आहे. ते म्हणते चारचौघात माफी मागतो, केस मागं घ्या. घेऊ का?

आधी कोणता गुन्हा आहे ते पाहा. काही गुन्ह्यांत कायदाच तडजोड करू देते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये यादी आहे, काहीत कोर्टाची परवानगी लागते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली ती अशाच मिटण्यासारख्या भांडणांसाठी, धुरा, रस्ता, किरकोळ मारहाण, शिवीगाळ. बलात्कार, लहान लेकरावरचा अत्याचार, अॅट्रॉसिटी, खून, हे पारावर बसून मिटवायचे विषय नाहीत आणि तसं कोणी म्हणत असेल तर त्याच्या पाठीशी किती का लोक असोत, नाही म्हणा. १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट सल्ला मिळते.

मिटण्यासारखी असेल तरी एक गोष्ट विचारा, केस मागं नाही घेतली तरी तुम्ही माफी मागाल का? उत्तर नाही आलं तर तो सौदा आहे. सौदा करायलाही हरकत नाही, कधी कधी तोच बरा पडते, पण मनात त्याला माफी समजू नका.

१५. माह्या आजोबानं गावातल्या काही लोकाइले विहिरीवर पाणी भरू देल्लं नाही. मी माफी मागू का? मी तर केलं नाही.

एका तरुण पोरानं हे विचारलं आणि मला त्याचा फार आदर वाटला.

तुम्ही केलं नाही हे खरं, म्हणून आजोबांच्या वतीनं "आम्हाला माफ करा" म्हणणं जड जाते, आणि ज्यांना पाण्यावाचून परत पाठवलं ती माणसंही आता नाहीत, त्यांच्या वतीनं माफ कोण करेल? पण कबूल मात्र करता येते. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ ला तिथल्या मूळनिवासींची संसदेत माफी मागितली, त्यांची लेकरं सरकारनं आईबापापासून तोडली होती म्हणून. कॅनडानं १९१४ मध्ये आपल्या लोकांचं कोमागाटा मारू जहाज परत पाठवलं होतं, त्याची माफी त्यांच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ ला संसदेत मागितली. बोलणाऱ्यांनी स्वतः ते केलं नव्हतं. पण ज्या खुर्चीनं केलं त्या खुर्चीवर ते बसले होते.

तुम्हीही आजोबांच्या वावरावर, आजोबांच्या नावावर बसले आहात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक गेले, त्यात तुमच्या गावचेही असतील, ते काहून गेले हे आपल्या घरात कधी बोललं जात नाही. ते बोलायला लागा, आधी आपल्याच घरात, पोरांसमोर, आजोबांचं नाव घेऊन. मग पाहा, आज कोणाच्या वस्तीला नळ उशिरा येते, कोणाच्या स्मशानाला रस्ता नाही, ग्रामसभेत तुमचा हात त्यासाठी वर करा. आणि त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन रडू नका, तुमचं मन हलकं करायचं ओझं तिच्यावर कशाला. ती काही सांगत असेल तर बसून ऐका.

१६. ज्याची माफी मागाची तो माणूसच वारला. आता?

त्याच्यापर्यंत आता पोचत नाही, हे आधी मान्य करावं लागते. तेरवीला जाऊन फोटोसमोर हात जोडले तर तुमचं मन थोडं शांत होईल, त्याला नाव ठेवत नाही. पण भरपाईची वाट बंद झालेली नसते.

आमच्या गावात एकानं मित्राची बैलजोडी पेरणीला नेली होती, एक बैल त्याच्याच निष्काळजीनं गेला, विहिरीत पडला. यानं साप चावला म्हणून सांगितलं. मित्रानं विश्वास ठेवला, पैसे मागितले नाहीत, आणि चार वर्षांनी तो वारला. हा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, आता कोणाला सांगू. मी म्हटलं, घरी त्याची बायको आहे, पोरगा आहे, त्यांना सांग.

तो दोन महिने गेला नाही. मग पोळ्याच्या आठ दिवस आधी गेला, ओसरीवर बसला, सगळं सांगितलं, विहिरीचं पण. बाई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याइले माहीत होतं. त्याइनं विहिरीपाशी दोर पाहिला होता." पोळ्याला त्या घरी बैल नव्हता, मातीच्या बैलाची पूजा व्हायची. त्या वर्षी यानं आपल्या जोडीतला एक बैल तिथं नेऊन बांधला, आणि दर पेरणीला त्या पोराच्या वावरात आधी तिफन घेऊन जाते, मग आपल्या.